खैऱ्याला काय लागतं

रविवार, ३० जून २०२४

रूपा वहिनी,

सुरुवातीचा नमस्कार-चमत्कार मनातल्या मनात वाचून घे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला बंद करून टाकलंस. तुझ्या आईला लावला की त्या म्हणतात, ‘झोपलीय ती.’ सकाळी अकरा वाजता तू झोपतेस यावर मी विश्वास ठेवायचा, आणि तोही इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर! म्हणून पत्र. अमळनेरचा पोस्टमन काही तुझा मामा नाही, तो मुकाट टाकून जाईल. फाडायचं की वाचायचं ते तू बघ.

आणि घाबरू नकोस, ‘परत ये’ म्हणायला मी लिहीत नाही. ते नवऱ्याने म्हणायचं असतं, नणदेने नाही. आता तुझा नवरा म्हणजे माझाच भाऊ, त्याचं तोंड आपल्या दोघींना ठाऊक आहे. वाईट बोलायला पटकन उघडतं आणि चांगलं बोलायची वेळ आली की दातखीळ बसते. तेव्हा तो विषय नाही. मी फक्त शाळेचं लिहिणार.

यंदा मला पहिली दिली. पहिली म्हणजे शिकवणं कमी आणि नाकं पुसणं जास्त. अर्धी पोरं अजून आईच्या नावाने गळा काढतात. त्यांना रमवायला म्हणून मी जनावरांपासून सुरुवात केली. कोणत्या प्राण्याला जगायला काय काय लागतं, असं विचारत गेले. मांजराला दूध, शेळीला पाला, इथपर्यंत गाडी बरी चालली. मासा म्हटल्यावर एक जण म्हणाला, ‘बादली.’ कोंबडीला काय लागतं विचारलं तर मागून उत्तर आलं, ‘मसाला.’ त्याच्या बापाचा हायवेवर ढाबा आहे, त्या पोराचं तरी काय चुकलं.

मग मी विचारलं, बैलाला काय लागतं?

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘पुरणपोळी.’

मी आधी हसले. मग हसू आलं तसं गेलं. ही पोरं चुकीचं बोलत नव्हती, वहिनी. घरोघरी ट्रॅक्टर आले, गावात बैलजोडी उरली होती ती आपली एक. यांनी बैल जवळून पाहिला तो वर्षातून एकदाच, पोळ्याला, दारात, पोळी खाताना. बाकी तो काय खातो, कधी झोपतो, पाणी किती पितो, हे त्यांना कुठून कळणार. मी विषय बदलला आणि चिमणीवर गेले.

तू विचारणार नाहीस म्हणून सांगते. गोठ्यात खैऱ्या बरा आहे. भाऊपण बरा आहे. आम्ही दोघं व्यवस्थित जेवतो. मेघा होस्टेलवरून फोन करते, तुलाही करत असेल. ती मला सांगते ‘आई मजेत आहे’ आणि तुला सांगत असेल ‘बाबा मजेत आहेत’. नर्सिंग शिकतेय, खोटा धीर द्यायची सवय आतापासूनच लागलेली बरी.

दिपमाला

रविवार, १४ जुलै

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची गाडी वाजली की मी खिडकीशी जाते. वर्गातली पोरं आता माझ्या आधी जातात.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. आम्ही व्यवस्थित जेवत नाही. भाऊ ताट घेऊन गोठ्यात जातो आणि उभ्याने खातो. खैऱ्याच्या शेजारची, त्याच्या जोडीदाराची जागा रिकामी आहे, चांद्याचा दोर तिथेच खुंटीला आहे. मी एकदा तो काढून ठेवायला गेले तर माझ्यावर असा ओरडला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नसेल.

आता शाळेचं. पुरणपोळीचं उत्तर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी अख्खी पहिली आपल्या गोठ्यात आणली. भाऊ शेतात होता, बरंच झालं. पोरांना ओट्यावर ओळीने बसवलं आणि सांगितलं, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. पहिलीच्या पोरांना असं सांगणं म्हणजे वाऱ्याला थांब म्हणणं, पण खैऱ्याने त्यांना धरून ठेवलं. तो बसून रवंथ करत होता. ती पोरं बघता बघता स्वतःच तोंड हलवायला लागली. सगळा वर्ग तोंड चालवत बसलाय आणि समोर बैल, हे तू बघायला हवं होतंस.

मग बादली ठेवली. त्याने एका दमात संपवली. मृणाली, आपल्या शेजारच्या कमलबाईंची नात, तिने विचारलं, ‘म्याडम, त्याला तहान लागली हे तो सांगतो कसं?’

मी म्हटलं, ‘सांगत नाही. आपण बघायचं असतं.’

‘आणि पोट भरलं तर?’

‘तेही आपणच बघायचं.’

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. ‘मग चांद्याचं पोट भरलं होतं ते कोणी पाहिलंच नाही. आजीनं दिली पोळी, मग मी दिली, मग आईनं अजून दिली. तो खाऊनच राहिला होता.’

तिच्या मागून दुसरा उठला. ‘आम्ही पण दिली.’ मग तिसरी. ढाब्यावाल्याचा पोरगा म्हणाला, त्याच्या घरून तर कणकेचा मोठा गोळा दिला, तुपात मळलेला. वहिनी, सगळ्या वर्गाने हात वर केले. आनंदाने केले गं, कोणी काय खाऊ घातलं हे सांगायची चढाओढ लागली. मी एकेक हात मोजत गेले.

गेल्या पोळ्याला तू सकाळपासून चुलीपाशी होतीस. पुरण शिजवत होतीस, नैवेद्याचं ताट भरत होतीस. गावात काय चाललंय ते तुला दिसायचं कारणच नव्हतं. जोडी मिरवून दारात आली तेव्हा तू ताट घेऊन उभी होतीस. खैऱ्या लहानपणापासून नखरेल, परक्या हाताचं तोंडात घेत नाही. चांद्या मात्र सगळ्यांचा. त्याने तुझं ताट चाटून पुसून खाल्लं आणि तू त्याच्या कपाळावरून हात फिरवलास. तू त्याला वासरू असताना बाटलीने दूध पाजलं होतंस. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की गोडधोड आणि कणीक फार झाली, पोट आंबलं, रवंथ बंद पडली. तेव्हा अंगणात सगळ्यांनी तुझ्या त्या एका ताटाकडेच बघितलं. आणि भाऊ चारचौघांत म्हणाला, ‘तूच मारं त्याले.’ तू आत गेलीस. पिशवी भरलीस आणि अमळनेरची एसटी धरलीस. तुला खरंच वाटत होतं ना, की तुझ्याच हाताने गेला? मला सगळ्यात जास्त त्याचा राग येतो.

आणखी एक गोष्ट आहे. मी मृणालीला विचारलं, ‘तुम्ही पोळ्या देत होता तेव्हा भाऊबाबा काय म्हणत होते?’ ती म्हणाली, ‘हसत होते. म्हणत होते, खाऊ द्या, खाऊ द्या.’

संध्याकाळी भाऊ ताट घेऊन गोठ्याकडे निघाला, तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘भाऊ, गेल्या पोळ्याला मिरवणुकीत दोर कोणाच्या हातात होता?’

त्याने ताट होतं तिथेच ठेवलं आणि शेताकडे निघून गेला. भाजी मांजराने खाल्ली.

दिपमाला

सोमवार, १२ ऑगस्ट

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘पावसात खैऱ्याचे खूर बघत जा, मागच्या डाव्यात सडायला लागतं.’ ना माझं नाव, ना तुझं नाव. तरी मी ते दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले. मुख्याध्यापकांना वाटलं बदलीचा आदेश आला.

संध्याकाळी कार्ड भाऊच्या हाती दिलं. त्याने वाचलं, उलटं करून पाहिलं, मागे काही नव्हतं. परत वाचलं. दुसऱ्या दिवशी बघते तर खैऱ्याचा मागचा डावा पाय मांडीवर घेऊन बसलाय आणि खुरातली घाण काढतोय. त्यानंतर ट्रॉलीभर मुरूम आणला आणि गोठ्यात चिखल होत होता तिथे पसरला. कार्ड कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

काल कानबाईचा सण झाला. नैवेद्याचे रोट मी केले. जाड झाले आणि मध्ये कच्चे राहिले. चुलतभावंडं सुरतेहून आली होती, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले, कोणी नाव ठेवलं नाही. मला त्यावरूनच समजलं की फारच वाईट झालेत. प्रत्येक जण आत स्वयंपाकघरात डोकावून बघायचा आणि मग मला बघून म्हणायचा, ‘अक्का, तूच का?’ मी काय सांगणार. तुझी आठवण येते. लिहिलं, झालं.

आता कमलबाई काकूंचं ऐक. परवा तणतणत आल्या. ‘तुमनी शाळानी मनी नात बिघाडी टाकी.’ झालं होतं असं, की मी वर्गात दोन कोपरे केले आहेत. एका कोपऱ्यात जनावराला जे लागतं ते, दुसऱ्यात जे त्याला नुसतं आवडतं ते. पोरं घरून वस्तू आणतात आणि कुठल्या कोपऱ्यात ठेवायची यावर भांडतात. पाण्याचा तांब्या, कडबा, सावलीसाठी गोणपाट, हे सगळं ‘लागतं’मध्ये. गूळ ‘आवडतं’मध्ये. मोकळं फिरायला मिळणं कुठे ठेवायचं यावर एक तास गेला, शेवटी ‘लागतं’मध्येच गेलं. आता ही पोरं हवालदारासारखी गावभर फिरतात. काकू शेळीला गुळाचा खडा देत होत्या, मृणालीने हातातून काढून घेतला आणि म्हणाली, आधी पाणी दाखव.

मी काकूंना चहा दिला. मग विचारलं, ‘काकू, गेल्या पोळ्याला चांद्याने तुमच्या दारी काय खाल्लं?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘देवले निवद दिधा, त्यामा काय पाप शे?’

‘पाप नाही. पण मग सगळं एकट्या रूपाच्या माथी का?’

काकूंनी चहा बशीत ओतला, प्यायल्या, बशी पालथी घातली. दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, ‘तवय कोन्ही ईचारंच नही.’

खरंय ते. तेव्हा कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा डॉक्टर, गर्दी, रडारड. आणि गल्लीला एक नाव मिळालं होतं, त्यावर सगळ्यांचं भागलं.

पोळा जवळ आलाय. गावात आता बैल एकच. आणि घरं तेवढीच. खैऱ्या नखरेल आहे खरा, पण म्हातारा झालाय आणि एकटा आहे. एकटं जनावर कोणाच्याही हातचं खायला लागतं. परवा मृणालीच्या हातून त्याने पोळीचा तुकडा घेतला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. भाऊला बोलले तर म्हणतो, ‘तो बठ्ठा गावना बैल शे. दाराशी आलेल्याला नाही कसं म्हणू?’

अख्ख्या गावाचा म्हणे! भाऊला नाही म्हणता येत नाही, वहिनी. घरात येतं, बाहेर येत नाही.

दिपमाला

रविवार, १ सप्टेंबर, सकाळ

वहिनी,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, ते तू बघतेच आहेस. पण आधी कालचं सांगते. आणणाऱ्याला थोडा वेळ थांबू दे.

काल अर्धी शाळा होती. मी पालकांना बोलावलं होतं. पहिलीच्या पोरांचा कार्यक्रम म्हटलं की आया येतात, आज्या येतात, मोबाईल वर करून उभ्या राहतात. बाप मंडळी मागे दाराशी. भाऊला मी बोलावलं नव्हतं. तो मुरूम टाकून येता येता उभा राहिल्यासारखा मागे उभा होता.

पोरांनी दोन कोपरे मांडले. एकेक जण आला, आपली वस्तू दाखवली, कुठे जाते ते सांगितलं आणि ठेवली. शेवटी मृणाली आली. तिच्या हातात ताट, ताटात एक पोळी. ती पोळी तिने आवडतंच्या कोपऱ्यात ठेवली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, ‘उद्या नाही, परवा खैऱ्याचा पोळा आहे. त्याला निवद नुसता दाखवायचा. पोळी पोरांनी खायची. खैऱ्याला हिरवा चारा आणायचा. त्याचं पोट भरलं की बास.’ पोळी पोरांनी खायची हे माझ्या पाठात कुठेही नव्हतं. ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

बाया हसल्या. टाळ्या झाल्या. आणि तेवढ्यात आधार आबा उठले. गावातलं वडील माणूस, त्यांना मध्ये बोललं नाही तर चैन पडत नाही. भाऊचं नाव घेऊन म्हणाले, ‘पोरी, चांगलं सांगितलंस. गेल्या वर्षी हे अभिमनच्या बायकोला कळतं तर चांद्या आज उभा असता.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोवर मागून आवाज आला.

‘नही.’

भाऊ होता. दाराला टेकलेला, चपला हातात. मुरमाने पाय भरलेले म्हणून आत येत नव्हता. सगळे वळले. त्याने खाली बघितलं, मग वर बघितलं.

‘दोर मना हातमा व्हता,’ म्हणाला. ‘दारोदार मीच फिरनू. मीच बोलनू, खाऊ द्या.’

बस, एवढंच. ज्या माणसांसमोर तुला बोलला होता, बहुतेक तीच माणसं होती. आबांनी बसून घेतलं. मग कमलबाई काकू पदर सारखा करत म्हणाल्या, ‘मनी बी पोळी व्हती त्यामा.’ त्यांच्या शेजारची म्हणाली, माझीपण. मग ढाब्यावाल्याची बायको म्हणाली, आमचा तर कणकेचा गोळा होता. कोणी रडलं नाही, कोणी माफी मागितली नाही. एकेकीने आपलं आपलं उचलून घेतलं. जिथून पोरांनी सुरुवात केली होती तिथे मोठी माणसं काल पोचली.

भाऊ तोवर निघून गेला होता. घरी आले तर अंगणात बसलेला. मला म्हणाला, ‘लिही तिला.’

मी म्हटलं, ‘मी तीन लिहिली. आता माझ्याकडे शाईपण नाही आणि शाळेचं सांगण्यासारखंही काही उरलं नाही. तू लिही.’

कागद पुढे ठेवला. पेन हातात घेऊन तो बसला, चहा निवला, पेन टोपण लावून परत दिलं. म्हणाला, ‘मीच जातो.’ मग थोड्या वेळाने, ‘जाऊन म्हणू काय?’

आता मी काय शिकवू याला. तुला माहीतच आहे, आज संध्याकाळी खांदमळणी. दर वर्षी खैऱ्या-चांद्याचे खांदे हळद-लोण्याने तो चोळायचा आणि त्यांना आवतण द्यायचीस तू. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तो मागे उभा राहून ऐकायचा. घरातल्या बाईनेच द्यायचं, असं आपल्या आईपासून चालत आलंय. मी देऊ शकते, पण खैऱ्या माझ्याकडे बघत नाही. मी त्याला पाळत नाही, मी त्याच्यावर धडे घेते. त्याला ते कळतं.

तर मी भाऊला म्हटलं, एवढी वर्षं मागे उभं राहून ऐकलंस ना, तेच जाऊन म्हण.

आज पहाटे उठून बघते तर अंगणात मोटारसायकल पुसतोय आणि पुटपुटतोय. ‘आज आवतन ले, सकाय जेवाले ये.’ मला बघून गप्प झाला. पण पाठ झालंय, मी ऐकलं. तुझ्या दारात उभा राहून विसरला तर समजून घे. गाडीला तर नीट म्हणून दाखवलं होतं.

यायचं की नाही ते तू ठरव. मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं, परत ये म्हणणं नणदेचं काम नाही, ते मी अजून म्हटलेलं नाही. फक्त एवढं सांगते, की आता गावात तुझ्याकडे कोणी त्या नजरेने बघणार नाही. आणि बघितलं तर मृणाली आहे.

आता पत्र ठेव आणि दार उघड. तो आत न येता पायरीवरच उभा असेल. काही बोलायच्या आधी त्याला पाणी दे. उन्हातून आलाय, आणि मागायची त्याला सवय नाही.

तुझी
दिपमाला